एका श्वासाचे फोटो

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे! मी, भिंगरी, दोन पिशव्या आणि माझं शिलाई मशीन. मशीन लोखंडी जिन्यावरून वर चढवताना जीव मेटाकुटीला आला, पण खोली बघितली आणि सगळा शीण उतरला. खिडकी आहे. खरीखुरी, उघडणारी. आधीच्या खोलीत होतं ते भोक होतं, त्याला खिडकी म्हणायची आमची हौस. खाली पूर्वी साबणाचं गोदाम होतं. भिंतींना अजून वास येतो, त्यामुळे अंघोळ न करताही माणूस स्वच्छ वाटतो.

ही वही ताईनं दिली. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. म्हणाली, हे बोटीवर गेल्यापासून रोज फोन करून माझं डोकं खातेस, त्यापेक्षा रोज चार ओळी लिहीत जा. (हे म्हणजे भिंगरीचे बाबा. बोटीच्या भटारखान्यात असतात.) मी म्हटलं, सातवीत शाळा सुटली, मी काय लिहिणार? म्हणाली, बोलतेस तसं लिही, तोंडाला कुठं कमी आहेस.

काम असं आहे की खाली सिनेमा बनतो. माणसांचा नाही, बाहुल्यांचा. त्या बाहुल्यांचे कपडे मी शिवायचे. वीतभर बाहुलीचा फ्रॉक! मी हसले तर बाई म्हणाल्या, आधी शिवून दाखव, मग हस. बाई म्हणजे मालकीण, सिनेमाही त्यांचाच.

भिंगरी आल्यापासून जिन्यावर वरखाली करतेय. साडेतीन वर्षांची आहे, पण पाय ठरत नाहीत म्हणून भिंगरी. आधीच्या घरमालकानं तिच्या उड्यांपायीच खोली सोडायला लावली. म्हणाला, माझ्या डोक्यावर घोडा पाळलाय का? आज तिला बजावलं, इथं तरी जरा एका जागी बस गं. मान डोलावली आणि पुन्हा जिन्यावर.

५ फेब्रुवारी

आज सगळं नीट बघून घेतलं. मोठी खोली, चारी बाजूंना काळे पडदे, दिवसाही दिवे. मधे टेबल, टेबलावर एक छोटं घर. पलंग, खुर्ची, करंगळीच्या नखाएवढी कपबशी. त्या घरात एक लहान मुलगी आईची वाट बघते, एवढीच गोष्ट.

बाहुली हलवायचं काम एका दादाचं. तो तिचा हात केसाएवढा हलवतो, मागे सरतो, ती थरथरायची थांबली की फोटो काढतो. मग पुन्हा केसाएवढा. असे ढीगभर फोटो एकापाठोपाठ एक पळवले की बाहुली हलली असं दिसतं. दिवसभर राबून बाहुलीनं काय केलं? मान वळवली. बाकीचे त्याला मुंगीदादा म्हणतात, मीही म्हणायला लागले. तो रागवत नाही. रागवायलाही त्याला आठवडा लागेल असं बाई म्हणतात.

इथं एकच नियम पाळायचा. पुढचं लोखंडी दार आपटायचं नाही. दार आपटलं की टेबल हादरतं, बाहुली जागची सरकते, सगळे फोटो वाया. म्हणून प्रत्येकजण दार हातानं धरून, मांजरासारखं लावतो. भिंगरीलाही शिकवलं. ती दाराला शूऽऽ म्हणून मग लावते.

९ फेब्रुवारी

फ्रॉक काही जमेना. नवं कापड एवढ्याशा बाहुलीवर पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. शेवटी भिंगरीचा जुना पिवळा फ्रॉक काढला. धुऊन धुऊन मलमल झाला होता. त्याच्या घेरातून बाहुलीचा कापला. काय पडला म्हणून सांगू! बाईंनी हात लावला आणि म्हणाल्या, तुझ्या हातात जादू आहे. मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ह्यांना फोनवर दोनदा सांगितलं.

भिंगरीला उरलेला फ्रॉक दाखवला तर विचारते, माझं अंग कुठं गेलं? म्हटलं, बाहुलीला दिला. हसली.

१४ फेब्रुवारी

आज माझ्या लेकीचा दिवस. बाहुली चालते पण जिवंत वाटत नाही म्हणून बाई वैतागल्या होत्या. तेवढ्यात भिंगरी खाली आली. तिची एक सवय आहे, खूश झाली की आधी नाक मनगटानं घासते, मग एका पायावर टुणकन उडी. बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, हेच, हेच हवंय मला. तिला पडद्यापुढं उभं करून शूटिंग केलं. नाक घासणं, उडी, खदखदून हसणं. ते बघून बघून मुंगीदादा बाहुलीला तसंच हलवणार.

सगळे मला भिंगरीची आई, भिंगरीची आई करत होते. एकीनं खुर्ची दिली. बाई म्हणाल्या, झोपलेलीही हवी, पण ती काय आमच्यासमोर झोपणार, तूच फोनवर काढ. संध्याकाळी ती झोपली तेव्हा काढलं. छाती वर, छाती खाली, मधेच ओठ चोखते. पाठवून दिलं. बाईंनी बदामाचं चित्र पाठवलं.

२० फेब्रुवारी

नाक घासायचा शॉट झाला. शॉट म्हणजे फोटोंचा एक तुकडा. पडद्यावर बघितला आणि मला रडूच आलं. हुबेहूब माझी पोर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता उडी घेतलीय करायला.

भिंगरी शहाणी व्हायला लागली. जिन्यावरची वरखाली कमी झाली. मशीनशेजारी बसून चिंध्या लावते. आज दुपारभर मी एका बैठकीत तीन सदरे बेतले, मधे एकदाही उठावं लागलं नाही. ताईला म्हटलं, जागा मानवली गं. ताई म्हणाली, ताप तर नाही ना? ताप नाही. मी हात लावून बघितलं नाही, पण नाही.

२७ फेब्रुवारी

आज ह्यांचा व्हिडिओ कॉल आला. भिंगरीला समोर बसवलं. बोटीवरच्या गमती सांगत होते, मांजर पाळलंय, कप्तानाच्या टोपीत झोपतं. मग म्हणाले, अगं, तुझ्याकडचं चित्र अडकलंय. नेट बघ.

मी म्हटलं, अडकलं नाही.

म्हणाले, अडकलंय, ती हलतच नाहीये.

मी फोन स्वतःकडे वळवला आणि म्हटलं, हो, नेटच गेलं वाटतं. का खोटं बोलले कुणास ठाऊक. भिंगरी समोरच होती. डोळे मिचकावत होती. बाकी काही नाही.

मग तिला उचलून उभी केली. म्हटलं, बाबांचा फोन होता ना, टुणकन उडी मार बघू. तिनं पायाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. म्हणाली, आई, कशी मारायची?

२ मार्च

उडीचा शॉट पुरा झाला. बाईंनी सगळ्यांना बोलावलं. भिंगरीला मी कडेवर नेलं आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसवलं.

शॉट लागला. बाहुलीनं नाक घासलं, उडी मारली. मी सवयीनं लेकीकडे बघितलं. तीही खुर्चीवरून उतरली होती. नाक घासलं, एका पायावर उडी. आधी मला हर्षच झाला! म्हटलं, आली बाई माझी भिंगरी परत.

बाईंना शॉट फार आवडला. फोटोंच्या मशीनवर गोल बाणाचं बटण आहे, ते दाबलं की शॉट संपला की पुन्हा पहिल्यापासून, थांबतच नाही. लूप म्हणतात. बाहुली उडी मारते, भिंगरी उडी मारते. बाहुली, भिंगरी. एकाच वेळी, एकाच पायावर, तेवढीच उंच. मधे श्वास नाही की बघणं नाही. तिचा चेहरा लाल झाला. पाय लटपटायला लागला तरी उडी तेवढीच उंच. सगळे हसत होते, बघा कशी नक्कल करते. मी ओरडले, बंद करा! बाईंनी दचकून बंद केलं.

भिंगरी होती तशीच उभी राहिली. हात नाकाजवळ. मी तो हात हातानं खाली केला.

३ मार्च

आज बाईंना सांगितलं. कसं सांगायचं तेच कळेना. म्हटलं, बाई, तिचं तुमच्या बाहुलीत गेलंय. बाई वाईट नाहीत. मला पाणी दिलं, म्हणाल्या, तू थकलीस, लेकरू नव्या जागेला बिचकलंय. डॉक्टरकडे ने, मी गाडी देते. आणि तुला नको तर ह्यापुढं तिचं शूटिंग करणार नाही, शब्द देते.

डॉक्टरनं तपासलं. सगळं ठीक आहे. शांत मुलगी आहे म्हणाला. नशीबवान आहात म्हणाला.

घर सोडून ताईकडे जावं असं मनात येतं. पण जाऊन काय करू? तिची उडी इथं आहे. त्या फोटोंच्या मशीनमधे. शॉट लागतो तेवढीच ती तिची असते. सोडून गेले तर ती कायमची इथंच राहील आणि मी रिकामी पोर घेऊन जाईन.

आणि एक गोष्ट लिहूनच टाकते. ती गप्प झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी तिला हजारदा म्हटलं असेल, एका जागी बस. हजारदा. ती बसली तर मी तीन सदरे बेतले.

५ मार्च

मुंगीदादा हसण्याचा शॉट करतोय. बाहुलीच्या तोंडाचे वेगवेगळे तुकडे आहेत, मिटलेलं, थोडं उघडं, जास्त उघडं. डबीतून एकेक काढून लावतो. मी वर तिला गुदगुल्या केल्या. अर्धं हसली. आज अर्धाच झालाय शॉट.

मला वाटतं मशीनमधून पुसलं तर परत येईल. जे तिथं नाही ते इथं असणार ना? केराच्या टोपलीचं बटण आहे. मी रोज बघते.

६ मार्च

दादा जेवायला गेला तेव्हा दाबलं. सगळं हसणं गेलं, पडदा रिकामा झाला. धावत वर गेले. गुदगुल्या केल्या. तोंड उघडलं. थोडं, मग जास्त, मग आणखी. आवाज नाही. डोळे माझ्याकडे. तोंड तसंच उघडं.

मी हातानं मिटवलं.

परत आलं नाही. तिथूनही गेलं, इथूनही गेलं. निदान बटण दाबून तरी हसली असती. आता कुठंच नाही. मी पुसलं. दुसऱ्या कुणी नाही, मी.

खाली बाई दादाला बोलत होत्या. त्याला वाटलं त्याच्याच हातून चुकलं. माफी मागत होता. मी तिथंच गुंड्या लावत बसले होते.

७ मार्च

हसणं गेलं म्हणून बाई म्हणाल्या, ते नंतर करू, आधी शेवटचा शॉट उरकून घेऊ. मला म्हणाल्या, फ्रॉकला पाठीत एक फट ठेव. मी ठेवली. काजासारखी करून दिली, छान बारीक टाक्यांची. कशाला ते विचारलं नाही. विचारायचं तोंड कुठं होतं मला.

ताईचा फोन आला. म्हणाली, भिंगरीला दे. म्हटलं, झोपलीय. ती समोर बसली होती.

८ मार्च

आज उशिरापर्यंत झोपली. मी उठवलं नाही. झोपलेली असली की पहिल्यासारखी वाटते, कुठल्याही पोरीसारखी. म्हणून बसून राहिले बघत. बरं वाटत होतं.

छाती वर आली होती.

मी घरातलं झाडलं, भांडी घासली. परत बघितलं. छाती अजून वरच. जराशी जास्त वर.

फट. पाठीतली फट. तिथून किल्ली घालतात — छाती उचलायची किल्ली — शेवटच्या शॉटमधे बाहुली झोपते. वाट बघून बघून झोपते. आणि ते झोपणं मीच काढून दिलं होतं, माझ्या फोनवर — बाईंनी शब्द पाळला, नवीन काही काढलं नाही — मीच विसरले —

८ मार्च, दुपार

तिला उचलून खाली आणलं. अंग गार. नाकाशी बोट धरलं, काही नाही. आत नाही, बाहेर नाही. दादा जेवायला गेलेला. बाहुली पलंगावर, छाती वर. अर्ध्यात सोडलेली.

बाई बघून पांढऱ्या पडल्या. डॉक्टरला आणते म्हणून धावत गेल्या. मला म्हणाल्या, तिला तोंडानं श्वास दे. मी दिला. दगडात फुंकल्यासारखं.

मग मी उठले. पोर खाली चिंध्यांच्या गाठोड्यावर ठेवली. आई असून तिला तिथं ठेवलं आणि बाहुलीपाशी बसले.

किल्ली घातली. उलटी फिरवली, केसाएवढी. फोटो काढला.

भिंगरीची छाती खाली आली. केसाएवढी.

थोड्या वेळानं

लिहितेय कारण हात थरथरतोय. प्रत्येक वेळी बाहुली थांबेपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात एक ओळ. लिहिलं की हात थांबतो. किल्ली, थांब, फोटो. दादाला बघून बघून येतं मला. घाई केली तर पुढचा फोटो जुळणार नाही.

पुसता येत नाही. पुसलं की कायमचं. हसण्यासारखं.

पण पुरा झाला तर? एक श्वास पुरा. शेवटचा फोटो पहिल्याला जुळला की गोल बाण दाबायचा. मग मशीन थांबणार नाही. आत, बाहेर, आत, बाहेर. मी मशीन कधी बंद होऊ देणार नाही. इथंच राहीन. झाडू मारीन. काही करीन.

अजून

अर्ध्याच्या खाली आली. ओठाशी गाल धरला — थोडी हवा. खरंच. तिच्या तोंडाचा वास. रात्रीच्या दुधाचा.

ती माझ्याकडे बघतेय वाटतं. डोळे मिटलेत पण बघतेय.

भिंगरे, नको ना गं एका जागी बसू. ऊठ. सगळं मोड, नाच, घरमालक येऊ दे बोंबलत —

अजून

पडद्यावर पहिला फोटो धुरासारखा दिसतो. त्याच्यावर छाती टेकवायची. एवढंच अंतर राहिलं. नखाएवढंही नाही. 

बोटं सुन्न. किल्ली घामानं सरकतेय — फ्रॉकला पुसली — तिच्याच फ्रॉकला

दोनच राहिले. की तीन

थांब. थरथरतेय. थांब

एक झाला.

बाहेर पावलं. बाई. पळत येतायत. सोबत जड बूट — डॉक्टर — बरं झालं — नाही

त्याला दाराचं माहीत नाही

बाई हातानं धरा दार — हळू लाव म्हणावं — मी ओरडतेय, त्यांना ऐकू — अजून एकच, शेवटचा, किल्ली आत आहे, थरथरायचं थांब गं, थांब, शू

टेबल ह